पंपाची लाल चिंधी

दादा,

जेवण झाकून ठेवलंय. मी मावशीकडे चाललेय, धाकट्याला परत आणायला. तू शेतातून यायच्या आत निघतेय, कारण तुझ्यासमोर हे सांगायचा धीर होत नाही.

कपाशीची पानं आकसली, त्यात त्याची चूक नाही. पानांवर ठिपके दिसले म्हणून तो बिचारा बुरशीनाशक फवारायला गेला आणि तणनाशकाचा पंप उचलून बसला, हे खरं. पण दोन्ही पंप दिसायला सारखेच. अण्णांनी तणनाशकाच्या पंपाला लाल चिंधी बांधली होती, म्हणून आजवर कुणाचं चुकलं नाही. ती चिंधी मी सोडली. अण्णा गेल्यावर तू त्यांचे सगळे कपडे वाटून टाकलेस. त्यांच्या लाल सदऱ्याचा तेवढाच तुकडा उरला होता. इतके दिवस तो माझ्या उशीखाली होता.

"बापाची मेहनत मातीत घातलीस," असं तू त्याला म्हणालास, तेव्हा मी दारातच उभी होते. तो घर सोडून गेला तरी माझं तोंड उघडलं नाही.

वरच्या शेतातही ठिपके आलेत. उद्या सकाळी वारा सुटायच्या आत फवारून घे. बुरशीनाशकाचा पंप धुऊन पायरीवर ठेवलाय. नाकाला फडकं बांध, अण्णांसारखा हट्ट करू नकोस.

चिंधी होती तिथे परत बांधलीय. बांधण्याआधी शेवटची नाकाशी धरली. इतके दिवस मी ज्याला अण्णांचा वास समजत होते, तो औषधाचाच होता रे.