वाढणाऱ्यानं शेवटी प्यायचं

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी रांजणापाशी पोरांची रांग लागली की मला तुमचाच आवाज ऐकू येतो. वाढणाऱ्यानं शेवटी प्यायचं, आधी मागच्याकडे बघायचं. वडूजच्या शाळेत मी तुमच्या वर्गात होते तेव्हा एकदा पाणी वाढायचं ओगराळं माझ्या हातात असताना मी आधी स्वतःच पाणी प्यायले होते. तुम्ही रागावला नाहीत. हाताला धरून मला रांगेच्या टोकाला उभं केलंत आणि म्हणालात, "आता इथनं रांजण बघ." ते मी विसरलेले नाही. आता जतकडच्या एका शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे आहे आणि तुमचा नियम मी जसाच्या तसा लावलाय. पाहुणे येतात, रांग बघून कौतुक करतात, आणि मी फुशारून जाते.

यंदा टँकरचा काही भरवसा नाही. रांजण जेमतेम अर्धा भरतो. मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मुलगी रोज धावत येऊन ओगराळं धरते. किती गुणाची पोर, असं मला वाटायचं. परवा परिपाठाला ती उभ्या उभ्या खाली बसली. ओठ फुटलेले, जीभ कोरडी ठक्क. मी विचारलं तर म्हणाली, "माज्यापतोर पानी उरत न्हाई, बाई. आता तान बी लागत न्हाई." ते 'आता' ऐकून मी तिच्या घरी निरोप धाडला. तिची आई आल्यावर सगळं सांगितलं, तर ती घाबरायची सोडून हसली. "घरात बी सगळ्यांचं झाल्याबिगर घोट घेत न्हाई. तुमीच वळण लावलंय न्हवं."

तेव्हा तुम्ही आठवलात. तुम्हाला पाणी पिताना मी कधीच पाहिलं नाही. शाळेत बायकांना जायला जागा नव्हती, म्हणून तुम्ही दिवसभर घोटही घेत नव्हतात, हे मला नोकरीला लागल्यावर उमगलं. तुमच्या किडन्या गेल्या तेव्हा सगळे म्हणत होते, बाईंनी कधी तक्रार केली नाही हो. त्या कौतुकाची मला आता भीती वाटते.

आज मी नियम फिरवला. वाढणाऱ्यानं आधी प्यायचं. त्या मुलीनं पेला तोंडापर्यंत नेला, माझ्याकडे पाहिलं आणि सगळं पाणी मागच्या पोराच्या पेल्यात ओतलं. मी तिच्यावर ओरडले. तुम्ही आमच्यावर कधी ओरडला नव्हतात. ती मात्र शांतपणे म्हणाली, "तुमी तरी कुटं पिताय, बाई?"

आमच्या शाळेत आता संडास आहे, पण पाणी नसलं की त्याला कुलूप असतं. हा कागद घडी करून पर्समध्ये टाकतेय, माझ्या पाण्याच्या बाटलीशेजारी. बाटली सकाळी घरून भरून आणली होती. शाळा सुटली, अजून ती तशीच भरलेली आहे.