चौथं वर्ष कुठून आणायचं

११ जाने., शनि.
शिफारसपत्रासाठी कॉलेजात. एचओडी सर चहा पीत होते. म्हणाले, "तूच लिहून आण गं, मी सही ठोकतो. मला कुठे सगळ्यांचं आठवतंय." तीन वर्षं शिकवलं या माणसाने मला.
मग लायब्ररीत बसून स्वतःच स्वतःची आरती ओवाळली, साठीला आलेल्या पुरुषाच्या तोंडून. 'माझ्या संपूर्ण कारकिर्दीत इतकी जिज्ञासू विद्यार्थिनी...' शी. सरांनी न वाचता सही केली. वर म्हणाले, "अजून थोडं चढवायचंस."
दुसरं पत्र मॅडमचं. तिथेही तेच. दोन वेगळ्या माणसांनी माझं कौतुक केलंय आणि भाषा एकाच बाईची. तिकडच्यांना कळत नसेल? की त्यांनाही चालतं?

१९ जाने., रवि.
एव्हरशाईनला, मेहुल सरांच्या कन्सल्टन्सीत. भिंतीवर परदेशी गेलेल्या पोरांचे फोटो, सगळे अंगठा वर करून.
आज कळलं की माझी बी.एस्सी. प्रत्येक देशात वेगळ्या मापाची आहे. इंग्लंडात पदवीच तीन वर्षांची, म्हणून तिथे ती पूर्ण. अमेरिकेत पदवी चार वर्षांची, म्हणून तिथे ती पाऊण. जर्मनीतही तीनच, पण ते क्रेडिट मोजतात, म्हणजे खरोखर किती तास अभ्यास केला ते. आमच्याकडे अर्धी प्रॅक्टिकलं मॅडमनी फळ्यावरच उरकली. ते तास कुठून आणू?
मार्कांचंही तसंच. माझे ७.८ जर्मनीच्या हिशेबात २.१ होतात. घरी बाबांनी तो आकडा बघितला आणि कागद उलटा ठेवला. समजावलं, तिकडे एक सगळ्यांत वर, पाच म्हणजे नापास. "मग बरंय," म्हणाले. पण रात्री नीट जेवले नाहीत.
मला हवंय ते अमेरिकेतलं डिपार्टमेंट. सुक्या मासळीवरच्या बुरशीवर काम करणारं दुसरं मला सापडलेलं नाही. टी.वाय.ला राजोडीच्या मासळी वाळवायच्या ओट्यांवरून बोंबील आणून मी तेच प्रोजेक्ट केलं होतं, आईच्या शिव्या खात. ते एकच खरं काम त्या तीन वर्षांतलं.
मेहुल सर म्हणाले, "बेटा, टेन्शन नहीं लेने का. अमेरिका डाल देते हैं. बाद का बाद में."

५ फेब्रु., बुध.
जेनिफर भेटली. शाळेतली माझी मैत्रीण, इंग्लंडहून एम.एस्सी. करून आलीय. तिकडे एम.एस्सी. एका वर्षात होते. इथे एका कॉलेजात मुलाखतीला गेली, तर विचारतात, "आमच्याकडे दोन वर्षांची असते. तुमचं दुसरं वर्ष कुठाय?" आता समकक्षतेचा दाखला आण म्हणे. तोवर विरारला क्लासमध्ये नववीला विज्ञान शिकवतेय.
"जाताना आपलं वर्ष कमी, येताना त्यांचं कमी," म्हणाली आणि हसली. ती हसू शकते. मला नाही जमलं. आम्ही शिकतो ते शिक्षण की रेशनचं धान्य, ज्याने त्याने आपल्या मापाने मापावं?

१५ मार्च, शनि.
मेल आला. अमेरिकेचा.
बबनकाकाने फोन हातातून घेतला. बाबांचा मोठा भाऊ, घरात त्याचाच शब्द, शिवाय त्याला नगरसेवक व्हायचंय. निवडणूक कधी होणार ते देवाला ठाऊक, काका मात्र कधीपासून तयार. पहिल्या ओळीतलं 'काँग्रॅच्युलेशन्स' मोठ्याने वाचलं, फोन परत दिला आणि चपला घालून बाहेर.
तिसरा परिच्छेद मी एकटीने वाचला. प्रवेश सशर्त. शिक्षणाची सोळा वर्षं पूर्ण हवीत. माझी पंधरा. उरलेल्या एका वर्षाचा पुरावा एप्रिलअखेर द्या, नाहीतर प्रवेश रद्द.

१७ मार्च, सोम.
आमच्या नंदाखाल गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. काका हात जोडून, मधोमध, पुरुषभर. खाली चार कार्यकर्ते गॉगल लावून. कोपऱ्यात मी, बारावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो. 'नंदाखालची सुकन्या उच्च पदवीसाठी अमेरिकेस रवाना'.
रवाना. आणि मी त्याच्याच खाली डबा घेऊन रिक्षाची वाट बघत उभी, गोखिवऱ्याच्या मसाल्याच्या फॅक्टरीत जायला. लॅबमध्ये आज हळदीचे सात नमुने तपासले. सगळ्यांनी पेढे मागितले.
संध्याकाळी काकाला अट समजावली. म्हणाला, "अट-बिट असतेच गं. लग्नाच्या पत्रिकेवर पन लिवतात ना, आहेर आनू नये. कोन ऐकतं?"

२२ मार्च, शनि.
स्वतःच युनिव्हर्सिटीला मेल केला होता. मेहुल सरांना विचारलं नाही. एका बाईंचं उत्तर आलं, साधं, सभ्य. इथेच एम.एस्सी.चं पहिलं वर्ष पूर्ण कर, त्याचे मार्क पाठव, जागा पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवतो. बस. इतकं सरळ.
म्हणजे एक वर्ष. फक्त एक वर्ष शिकायचं. घरी सांगितलं तर काका असा बघत राहिला, जशी मी काही वाईटच करून आलेय. "आनि फ्लेक्सचं काय? पाडव्याला सत्कार ठेवलाय. मी लोकांना काय तोंड दाखवू?"
बाबा टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बसले. काकासमोर बोलायचं नाही ही त्यांची जन्माची सवय. राग काकाचा येतो, पण जीव बाबांमुळे जळतो.

२४ मार्च, सोम.
काका आणि मी एव्हरशाईनला. मेहुल सरांकडे उपाय तयार. एका वर्षाचा पी.जी. डिप्लोमा, दुसऱ्या राज्यातली कुठलीशी संस्था, गेल्या वर्षीची बॅच.
"गेल्या वर्षी मी फॅक्टरीत होते," म्हटलं.
"बेटा, अटेन्डन्स भी देते हैं वो लोग."
"मी तिथे गेलेच नाही ना पण."
"सगळे हेच करतात. तुझ्याआधी किती गेले बघ." मेहुल सरांनी भिंतीकडे हात केला. इतके दिवस ते फोटो मला नुसते बावळट वाटायचे.
काका खूश. रिक्षात म्हणाला, "बघ, किती हुशार मानूस." मी तोंड फिरवून खाडीचा वास घेत बसले. तो बरा होता.

३० मार्च, रवि. पाडवा
सत्कार झाला. देवळासमोर मांडव, शाल, श्रीफळ. काकाचं भाषण संपेना. नंतर माझ्या हातात माइक. मार्गदर्शन कर म्हणे, होतकरू विद्यार्थ्यांना.
मी बोलून टाकलं. म्हटलं, माझा प्रवेश अजून पक्का नाही. माझं एक वर्ष कमी आहे, ते पूर्ण केलं तरच जाता येईल.
टाळ्या पडल्या. जोरात. पुढच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "पोर किती नम्र हाय." सूत्रसंचालकाने माइक घेऊन 'विद्या विनयेन' सुरू केलं.
घरी येऊन शाल बादलीत टाकली. लोकांच्या अंगावर खरं फेकून बघितलं, तेही त्यांनी गोड करून खाल्लं.

३१ मार्च, सोम.
आई ओलं खोबरं खवत होती. मी बाजूला बसून सगळ्यांना नावं ठेवत होते, काका, मेहुल सर, एचओडी, अमेरिका. बराच वेळ ऐकून म्हणाली, "तुला शिकायचंय की जायचंय?"
"दोन्ही."
"आधी कुठलं?"
मी चिडले. म्हटलं, तू पण आता मुलाखत घे. उठून आत गेले. खरं तर...
जाऊ दे.

५ एप्रिल, शनि.
काका ते सर्टिफिकेट घेऊनच आला. न विचारता. जाड कागद, सोनेरी शिक्का, माझं नाव बरोबर. सोबत गुणपत्रिका. फर्स्ट क्लास देऊन मोकळे. काका म्हणाला, "आता रडू नको. रात्री टाकून दे त्या अमेरिकेच्या पोर्टलवर." आणि गेला मीटिंगला.
वाटलं होतं, बघताच फाडीन. आधी सगळी गुणपत्रिका वाचली. ओळ न् ओळ. ॲडव्हान्स्ड मायक्रोबायोलॉजी, ब्याऐंशी. मला कधीच मिळाले नव्हते. टी.वाय.ला जीव काढून एकोणसत्तर.
आणि ते ब्याऐंशी बघून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. एखाद्याने कष्टाचं चीज केल्यावर वाटतं तसं. क्षणभरच, पण वाटलं. आजवर या सगळ्यांची किळस आली, पण अशी किळस कुणाची आली नव्हती. चूळ भरून आले, तरी जाईना.
एम.एस्सी.चे फॉर्म निघायला अजून वेळ आहे. त्या अमेरिकेतल्या बाईंचा मेल अजून तसाच वर पिन करून ठेवलाय. पोर्टलही उघडं आहे. लॅपटॉप उघडा ठेवून नुसती बसलेय.
मघाशी आई आली. माझी सगळी सर्टिफिकेटं ती प्लास्टिकच्या फाइलीत लावून ठेवते, चौथीच्या चित्रकलेपासून. पलंगावरचा कागद उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला. मग विचारलं, "हे लावू का फाइलीत?"
मी म्हटलं, "थांब."
नको म्हणाले नाही. थांब म्हणाले.