पॅकिंगचा कान

आई, परवा गॅरेजमध्ये एका इंजिनाच्या सांध्यात तेल अडवायला बसवलेलं तुझ्या हातचं कागदी पॅकिंग सापडलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या हातचं काही कुठं उरलं असेल, हे माझ्या मनातही नव्हतं. अजिंठ्याकडून मका घेऊन येणारा जुना ट्रक, इंजिनाच्या मागून तेल गळत होतं. गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, फ्लायव्हील काढलं. इंजिनाचा मागचा भार फ्लायव्हीलच्या हाउसिंगवर, त्या लोखंडी कवचावरच असतो, म्हणून खाली लाकडाचा ठोकळा दिला आणि बोल्टांना पाना लावायला वाकलो, तर हाउसिंगच्या सांध्यातून कागदाचं नखाएवढं टोक बाहेर आलेलं. तेलानं काळं पडलेलं, मधोमध खाच. माझा हात तिथंच थांबला.

उस्मानपुऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात अण्णा गॅरेजमधून रिक्षात घालून हाउसिंग घेऊन येतात, कारण जुन्या इंजिनांची पॅकिंग बाजारात मिळत नाहीत. भाकरी झाल्या की तू परात बाजूला सारतेस, हाउसिंगवर पॅकिंगचा कागद पसरतेस आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत जातेस. कडेवर कागद आपोआप कापला जातो. बोल्टच्या भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका. मी घाई केली की खेकसतेस, "हळू ठोक. कड चुकली की तेल वाट काढतंय." वरच्या बाजूला मात्र तू कागदाचा एक कान मुद्दाम ठेवायचीस आणि त्याला कात्रीनं खाच द्यायचीस. अण्णा वैतागायचे. "अगं, काप की ते. बाईच्या हातचं काम म्हणून लोकं हसतेत."

"हसू द्या. आमच्या पिशोरला मेंढराच्या कानाला खूण नाय केली, तर दुसऱ्याच्या कळपात गेल्यावर वळखायचं कसं?"

बाकी सगळं तू अण्णांचं ऐकलंस, हे एवढं कधी ऐकलं नाहीस.

लाकडी हातोड्यानं हलवत हलवत हाउसिंग काढलं. गळत होतं ते आतलं ऑइल सील. तुझ्या पॅकिंगनं थेंबसुद्धा सोडला नव्हता. पण एकदा उघडलेलं पॅकिंग परत लावता येत नाही. निदान अख्खं सुटेल म्हणून पात्यानं जपून सोडवत होतो, तर भाजलेल्या पापडासारखा त्याचा चुरा झाला. खरवडलं, फडक्यानं पुसलं. फार वाईट वाटलं गं. हल्ली आम्ही ट्यूबमधला सिलिकॉन लावून मोकळे होतो, पण त्या दिवशी मी कागद मागवला, तुझ्यासारखं ठोकून पॅकिंग कापलं, कान ठेवला, खाच दिली. नवं सील बसवलं, हाउसिंग पिनांवर धरून समोरासमोरचे बोल्ट आवळत नेले, मापाची डायल लावून फिरवून पाहिलं. कुठं वाकडं नव्हतं.

ट्रकवाला वाकून बघत होता. "मिस्त्री, ह्ये काय भायेर आलंय?"

"चुकून राहिलं," मी म्हणालो.

"मंग काढून टाका की."

माझ्या आईची खूण आहे, एवढंच सांगायचं होतं. आजूबाजूला पोरं उभी होती आणि मला लाज वाटली. मी पातं घेतलं आणि कान कापून टाकला. पाठवायची सोय असती तरी हे पत्र मी पाठवलं नसतं, आई. त्या ट्रकमध्ये तुझं जे उरलं होतं ते मीच काढलं, आणि दोनदा काढलं.