बस्साम या नावाची विल्हेवाट

लिहून ठेवणार: बस्साम हमीद मनियार, वय एकाहत्तर, धंदा बांगड्या भरणे, राहणार कसबा पेठ, पुणे.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे की, माझी तब्येत ठणठणीत आहे, डोके जागेवर आहे आणि हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न घरातल्या सगळ्यांनी करून पाहिला, पण त्यांचे आपसांतच एकमत नसल्यामुळे कोणाचे काही चालले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. माझी वेळ येईल तेव्हा फार रडारड न करता माझ्याबद्दलही तेच म्हणावे.

कलम १. गेल्या दिवाळीत मी शनिवार पेठेतले वकील श्यामसुंदर यांच्याकडून एक मृत्युपत्र करून घेतले होते. ते मी रद्द केले आहे. का रद्द केले ते कलम ५ मध्ये येईल. त्याची प्रत कोणाला कपाटात सापडली तर ती पाणी तापवायला बंबात घालावी.

कलम २. मिळकतीच्या आधी माझ्या नावाबद्दल लिहितो, कारण सगळा घोळ त्याच्यामुळे झाला.

बस्साम हा अरबी शब्द आहे. अर्थ: पुष्कळ हसणारा, सदा हसतमुख. माझा जन्म स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी याच घराच्या माडीवर झाला. बाळंतपण सोजरबाई नावाच्या दाईने केले. तान्हे मूल झोपेत हसले की सटवाई त्याला हसवते, असे आपल्याकडे म्हणतात, आणि सहाव्या रात्री ती हमखास येते. आमच्या घरातही छट्टी व्हायची. त्या रात्री मी झोपेत हसलो म्हणे. सोजरबाई ओरडली, "आगं बया, हसतंय की लेकरू! सटवाई खेळवतीया त्याला. हमीदभाई, ह्याचं नाव हसऱ्याचंच ठिवा बगा!"

दुसऱ्या दिवशी अकीका, म्हणजे आमच्यातले बारसे, होता. माझ्या वडिलांनी मौलवीसाहेबांना विचारले की हसऱ्या मुलाला अरबीत काय म्हणतात. त्यांनी दाढीवरून हात फिरवून बस्साम असे सांगितले. म्हणजे शब्द अरबस्तानातला, पण हुकूम सोजरबाईचा.

त्यानंतर मी फारसा हसलो नाही.

माझा चेहराच तसा आहे, त्याला मी काय करू? माझी मरहूम बायको खातून म्हणायची, "तुमारा नाम सुनके गिऱ्हाईक आता, सूरत देखके वापिस जाता." समोरचा भांडीवाला गेनबा गेली पन्नास वर्षे रोज सकाळी दुकान उघडताना ओरडतो, "बस्सामराव, हसा की!" त्याची बायको मथुराबाई माझ्याकडूनच बांगड्या भरून घेते आणि माझ्याच तोंडावर म्हणते, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." बाई स्पष्टवक्ती आहे, हात मात्र मऊ आहे.

नावाच्या लोकप्रियतेबद्दल: माझी नात मुमताज हिने मोबाइलवर शोधून दाखवले. तिथे लिहिले होते, मूळ अरबी, मुलाचे नाव, शुभ अंक सात, लोकप्रियता अत्यंत कमी. शुभ अंक कोणी काढला ते तिला सांगता आले नाही. खातूनचा भाचा कुवेतला असतो. तो म्हणतो की तिकडे हे नाव अजिबात दुर्मीळ नाही, त्याच्या एका कचेरीतच तीन बस्साम आहेत. मी विचारले, हसतात का? तो म्हणाला, एकही नाही. हे ऐकून मला बरे वाटले.

पण पुण्यात मला दुसरा बस्साम आजवर भेटलेला नाही. मी गेलो की इथे हे नाव संपेल, ही एकच गोष्ट मला रात्रंदिवस डाचत होती.

कलम ३. दुकानावरची माडी आणि बँकेत असेल ते. यात माझी मर्जी चालत नाही. आमच्या शरीयतप्रमाणे वारसाचा हिस्सा ठरलेला आहे, आणि माझा वारस एकच, मुलगा युसूफ. तेव्हा हे सर्व त्याचे. युसूफ धायरीला लिफ्टच्या इमारतीत राहतो आणि पार्किंग मिळत नाही म्हणून पेठेत येत नाही. आता मिळकत त्याची झाल्यावर त्याला पार्किंग सापडेल, अशी आशा आहे.

त्याला मुलगा झाला तेव्हा मी माझे नाव सुचवले होते. त्याने रेयान ठेवले. अर्थ काय, असे मी विचारले तर म्हणाला, "अब्बा, ऐकायला छान वाटतं." पुढे मौलवींकडून कळले की अर्थ फारच चांगला आहे, जन्नतच्या एका दरवाजाचे नाव आहे ते. पण बापाला ते ठाऊक नव्हते, हा मुद्दा आहे. त्याच्या शाळेत हाक मारली की चार रेयान वळून बघतात.

कलम ४. दुकानातला मोठा आरसा गेनबाला द्यावा. उद्यापासून "हसा की" कोणाला म्हणायचे, हा प्रश्न त्याला पडेल. त्याने आरशासमोर उभे राहून म्हणावे. आरसा बेल्जियमचा आहे असे माझे वडील सांगत. तो भांडी घासायच्या राखेने पुसू नये. गेनबाला साक्षीदार म्हणून सही करायची फार हौस होती, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकिलांनी सांगितले. त्यावरून तो वकिलांशीही भांडला.

कलम ५. तळमजल्यावरचे दुकान, बांगड्यांचे दांडे, कपाटे, गादी आणि सगळा माल. हे माझ्या मिळकतीच्या एक तृतीयांशात बसते आणि युसूफची मुलगी मुमताज ही वारस नाही, त्यामुळे मला तिला देता येते. याची खात्री वकिलांनी करून घेतली आहे.

गेल्या दिवाळीत मुमताजकडे गोड बातमी असल्याचे कळले, आणि मी ते पहिले मृत्युपत्र केले. त्यात लिहिले होते की मुलाचे नाव बस्साम ठेवले तरच दुकान मुमताजला, नाहीतर विकून पैसे मशिदीला. श्यामसुंदर वकील चष्मा काढून म्हणाले, "मनियारसाहेब, ही अट कोर्टात टिकेल की नाही ते नंतर बघू. घरात टिकणार नाही." मी त्यांना म्हणालो, आपण फक्त टाइप करा.

बातमी घरभर झाली. युसूफ बोलेनासा झाला, मुमताजच्या सासरी बैठक झाली, रेयानने आणखी वीस नावे मोबाइलवर पाठवली. मी बधलो नाही.

मग सातव्या महिन्यात मुमताज हिरव्या बांगड्या भरायला दुकानात आली. माप दोन-चार, हात थोडे सुजलेले. मी हात दाबून मऊ करत होतो. बाईचा हात मनियाराच्या हातात असला की तिला उठून जाता येत नाही. मनियारालाही जाता येत नाही, हे मला त्या दिवशी समजले.

आमच्यात आजोबांना दादा म्हणतात. ती म्हणाली, "दादा, एक बोलू? रागावू नका."

"रागावलो तरी तुला कळणार कसं? चेहरा हाच."

"नाव मला आवडतं, खरंच. युनिक आहे, अर्थ मस्त आहे. मी ठेवलंही असतं. पण आता ठेवलं तर सगळे म्हणणार की दुकानासाठी ठेवलं. तो मोठा झाला की त्यालाही कुणीतरी सांगणारच. मग त्यानं कशाच्या जोरावर हसायचं?"

मी बांगडी चढवत राहिलो.

"तुमचं नाव ठेवताना सोजरबाईंनी काही अट घातली होती का हो?"

हातातली बांगडी वाढवली. नातीच्या हातावर, सातव्या महिन्यात, माझ्याकडून. तिला लागले नाही, पण मला लागले. उरलेल्या बांगड्या मी अगदी जपून भरल्या आणि दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेत जाऊन अट काढायला सांगितली. वकील नुसते "बरं" म्हणाले. पुण्यात एवढ्या थोडक्यात एवढे मोठे टोमणे मारणारी माणसे आता कमी राहिली आहेत.

तरी आता असे लिहून ठेवतो की, दुकान मुमताजला विनाअट दिले आहे. तिने बांगड्या विकाव्यात, मोबाइलची कव्हरे विकावीत किंवा कुलूप लावून ठेवावे. मुलाचे नाव तिला हवे ते ठेवावे, अगदी रेयान ठेवले तरी चालेल.

कलम ६. बस्साम हे नाव माझ्या पश्चात कोणाच्याही मालकीचे राहणार नाही. ज्याला आवडेल त्याने ते फुकट घ्यावे. चेहरा सोबत घेण्याची सक्ती नाही.

कलम ७. हे आणि पुढचे कलम बाकीचे टाइप झाल्यानंतर माझ्या हाताने लिहिले आहे.

मुमताजला मुलगी झाली.

दिवाळीपासून आम्ही भांडत होतो, दोन मृत्युपत्रे झाली, वकिलाकडे खेटे घातले, आणि मुलगी होऊ शकते हे कोणाच्या डोक्यातच आले नाही. इतरांचे सोडा. मी उभा जन्म बायकांचे हात हातात घेऊन बसलेला माणूस. कितीजणींना मी सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरला असेन आणि "मुलगा की मुलगी" या त्यांच्या चिंतेवर उपदेश केला असेन. माझ्याच घरची वेळ आली तेव्हा मला काही सुचले नाही.

सहाव्या दिवशी मी धायरीला, मुमताजच्या माहेरी गेलो. पोर झोपली होती. बघता बघता तिचे तोंड एका बाजूला वळले आणि ती हसली. युसूफ म्हणाला, "अब्बा, ते गॅसमुळे असतं. डॉक्टरनी सांगितलंय." मी त्याला म्हणालो, सोजरबाई नव्हती म्हणून तुझे फावले.

मुमताज म्हणाली, "दादा, मी नाव शोधलंय. मुलीचंही असतं त्यातलं. बस्मा."

मी अर्थ विचारला.

"एक हसू. फक्त एक."

मला अतिशय आनंद झाला. तिथे तोंडाने सांगता आले नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. माझ्या बापाने माझ्याकडून पुष्कळ हसण्याची अपेक्षा केली, ते मला झेपले नाही. एकच मागितले असते तर कदाचित दिले असते. दुकानातल्या सगळ्यात लहान, तान्ह्या बाळाच्या काळ्या बांगड्या मी बस्माच्या हातात स्वतः घातल्या आहेत. त्या मिळकतीत धरू नयेत.

कलम ८. सहीशेजारी चिकटवलेल्या फोटोबद्दल. धायरीहून परतताना मी फोटो काढायला गेलो. फोटोवाला तरुण होता. तो म्हणाला, "आजोबा, हसू नका, सरकारी कामाचा फोटो आहे." सत्तर वर्षे लोक मला हसा म्हणत आले. हसू नका असे आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगितले. मी ऐकले नाही. त्याने तीनदा काढला, तिन्ही तसेच आले. तरी माझ्या पश्चात ओळख पटवताना अडचण येऊ नये म्हणून जाहीर करतो की फोटोतला माणूस मीच आहे.

येणेप्रमाणे राजीखुशीने लिहून ठेवले.

ठिकाण: कसबा पेठ, पुणे
दिनांक: १७ जून २०१९
सही: बस्साम हमीद मनियार

साक्षीदार:
१. संपत नारायण शेडगे, कसबा पेठ
२. सर्जेराव धोंडिबा पोकळे, धायरी

आम्हा दोघांसमक्ष बस्सामभाईंनी सही केली. फोटो पाहून समोरचे गेनबा यांनी हा इसम तो नव्हेच अशी हरकत घेतली. आम्ही फोटो आणि माणूस शेजारी शेजारी ठेवून पाहिले. माणूस तोच आहे, आणि हे लिहीत असतानाही तसाच हसतो आहे.