पौडला दिलेला जबाब

पुणे,
९ जुलै २००७

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार पत्राच्या रीतीसाठी लिहिला आहे, मनातून नाही. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता. पत्र तरी पुरतं वाचाल.

परवा पासपोर्ट ऑफिसचं पत्र आलं. पोलीस चौकशीत म्हणे असं आढळलं की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. कोळवणच्या त्या घरात मी जन्मले. बाबा गेले तेव्हा त्याच ओट्यावर रडले. पुण्यात हॉस्टेलवर असले तरी प्रत्येक सुट्टीला तिथेच येते आणि रेशनकार्डावर माझं नाव तुमच्याच खाली आहे. मग हवालदाराला असं कोणी सांगितलं? घरात माणसं तीन. आई माझ्या वाइटावर नाही. तुमचा निरंजन दिवसभर उरवड्याला कारखान्यात असतो. उरलात तुम्ही.

हे सगळं कशासाठी चाललंय ते पुन्हा एकदा सांगते, कारण तुम्ही कधी ऐकून घेतलेलंच नाही. आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या आमच्या वर्गातून दोघांची निवड झाली आहे, एका सहामाहीसाठी नैरोबीला. शहराजवळच्या खेड्यांतल्या जमिनी विकल्या गेल्या की तिथल्या माणसांचं काय होतं, हा माझा विषय. पंचवीस ऑगस्टपर्यंत पासपोर्ट दाखवला नाही तर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. दोन वर्षं मी याच एका गोष्टीसाठी घासली आहेत.

तेव्हा पौडच्या पोलीस स्टेशनात जा आणि मी त्या घरात राहते असं लिहून द्या. एवढंच मागते. लोभ नसला तरी चालेल, सही पाहिजे.

पिंकी



कोळवण,
१५ जुलै २००७

चि. पिंकीस,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद मोठ्यांनी द्यायचे असतात, घेणाऱ्याची लायकी बघायची नसते, म्हणून दिले.

भाताची लावणी चालू असताना तुझं पत्र निरंजनने बांधावर आणून दिलं. हात चिखलाचे होते तरी पुरतं वाचलं. हवालदाराला कोण काय बोललं याचा खुलासा मी देणार नाही. तू निकाल लावून मोकळी झालीस, आता साक्षीला कशाला बोलावतेस?

तुझ्या शिक्षणाबद्दल परवा लावणीला आलेल्या भिवाजीने विचारलं, पोरगी काय शिकतीया. मी म्हणालो, जग. तो म्हणाला, मंग नोकरी कुटं लागनार, जगात? देशादेशांतली भांडणं मिटवायला शिकवतात म्हणे तुम्हाला. घरातल्या भांडणाला मात्र तू पहिल्याच ओळीत काडी लावलीस. आणि जमीन विकल्यावर माणसांचं काय होतं हे बघायला नैरोबी कशाला पाहिजे? रिह्याला एसटी जाते. तिथे फार्महाऊसच्या फाटकावर आपलाच हैबतराव वॉचमन आहे. ज्या वावरात नांगर धरायचा तिथे आता लोकांच्या गाड्यांना सलाम ठोकतो. त्याला विचार. मराठीत सांगेल.

पौडला मी जाणार नाही. रिह्याची जमीन विकली तेव्हा हक्कसोडपत्रावर झालेली तिची सही खोटी आहे, अशी फिर्याद तुझ्या तुळजाआत्याने लावली आहे, हे तुला ठाऊक आहे. समन्स पौडच्या पोलिसांकडे पडून आहे आणि दोन वर्षं मी ते हातात घेतलेलं नाही. पोलीस स्टेशनची पायरी चढलो की घ्यावं लागेल. तुझ्या विमानासाठी मी कोर्टात जाऊन उभा राहू?

वहिनींची तब्येत बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी कळवतो. माया असेल तर त्यांच्यावर ठेव.

जयसिंग



पुणे,
२१ जुलै २००७

ती. काकांस,

सा. न.

तुम्ही खुलासा दिला नाहीत, म्हणजे कबुली दिलीत असं मी धरते.

काल मी स्वतः पौडला जाऊन लेखी अर्ज दिला. तुम्ही द्वेषापोटी खोटी माहिती देऊन माझं शिक्षण अडवलंत, असं त्यात लिहिलं आहे. तुम्ही घरी कधी सापडता असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, दुपारी एक ते तीन, जेवण झालं की ओट्यावर. समन्साचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. मी फक्त गप्प बसले नाही.

हैबतरावांना जरूर विचारेन. त्यांच्या शेजारचं वावर कोणी विकलं, तेही विचारेन.

तुमच्या लोभाची वाट बघणं मी कधीच सोडलं आहे.

पिंकी



कोळवण,
२ ऑगस्ट २००७

चि. पिंकीला आईचा आशीर्वाद.

मी सांगतीया आन निरंजन लिवतुया. त्याला बजावलंय, येक शबूद इकडंतिकडं करायचा न्हाई.

त्या हवालदाराला मी सांगितलं. तुज्या काकानं न्हाई, मी. काका त्या दिशी रिह्याला गेलं हुतं. मानूस साध्या कापडात आला. हातात कागूद आन कागदावर तुजं नाव. मला वाटलं, वन्संनी सहीच्या खटल्यात तुलाबी वढली. कागूद घिऊन कुनीबी दारात आला की काय सांगायचं, ते ह्या घरात दोन वर्सं ठरल्यालं हाय. भावजींनीच आमाला ती सवं लावली. तोंडातनं निगून गेलं, हितं ऱ्हात न्हाई म्हनून.

सांजच्याला भावजींना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हनलं, पिंकीला ह्यातलं काई कळवू नका. तिचा माज्यावर राग हायच, तो हितंच असू द्या, तुमच्यावर नगं.

मंगळवारी तुजा अर्ज घिऊन दोन पोलीस आलं. भावजी हात धुऊन नुकतंच वट्यावर बसलं हुतं. तितनंच नेलं. पौडात त्यांनी लिवून दिलं की घरातल्या रागापायी मीच खोटं बोललो, पोरगी आमच्यातच ऱ्हाती. माजं नाव घेटलं न्हाई. तितंच समन्सबी हातात दिलं. आता कोर्टात हुबं ऱ्हावं लागनार.

तुजा पासपोर्ट हुईल म्हनत्यात. मला तुजा लई राग आलाय. माजाबी आलाय. दोगींचा येकदमच आलाय, म्हनून निरंजनला म्हनलं, आता बास कर. जेवत जा येळच्या येळी.

तुजी आई, चंद्राबाई



पुणे,
८ ऑगस्ट २००७

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र मिळालं. पौडला जाऊन अर्ज मागे घ्यावा म्हणून काल स्वारगेटला एसटीत बसले आणि पुढे न जाता चांदणी चौकातच उतरले. खरं सांगायचं तर आईचा जबाब घेतील, चौकशी पहिल्यापासून सुरू होईल आणि पंचवीस तारीख निघून जाईल. मला जायचं आहे, काका. हे लिहिताना लाज वाटते, पण जायचं आहे.

पहिल्याच पत्राला ‘मी नाही’ एवढे दोन शब्द का लिहिले नाहीत? मी तुम्हाला तोंडात येईल ते बोलले आणि तुम्ही बोलू दिलंत. याचा मला अजून राग येतो. तुळजाआत्याच्या सहीबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही, तेही सांगून ठेवते.

तुम्ही सांगाल तसं करीन. अर्ज मागे घे म्हणालात तर घेईन.

पिंकी



कोळवण,
२० ऑगस्ट २००७

चि. पिंकीस,

आशीर्वाद.

पासपोर्ट परवा टपालाने आला. बुधवारी निरंजनची सुट्टी आहे, तो हॉस्टेलवर आणून देईल. तू घ्यायला येऊ नकोस.

अर्ज मागे घ्यायचं नाव काढू नकोस. दादाच्या बायकोला मी पोलिसांपुढे उभी करणार नाही. जबाब दिला तो त्यांच्यासाठी. तुझ्यासाठी दिला असं मनात आणून उगाच रडत बसू नकोस. ‘मी नाही’ एवढं लिहिलं असतं तर तू दुसऱ्याच पत्रात आईवर घसरली असतीस. तुला मी अंगाखांद्यावर वाढवलंय, तुझी जीभ मला माहीत आहे. तुळजाच्या सहीचं जे काय आहे ते कोर्टाला सांगेन, तुला नाही.

एक तेवढं लिहितो आणि विषय संपवतो. तुझा अर्ज साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. अक्षर सुरेख, एक खाडाखोड नाही. माझं नाव तू एकदाच लिहिलं आहेस. पुढे पानभर सदर इसम. सदर इसमाने द्वेषापोटी खोटी माहिती दिली, सदर इसम दुपारी ओट्यावर सापडेल. काका हा शब्द मी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायची वाट बघत होतो. तो आला नाही. मग साहेबांनी जबाब लिहिता लिहिता पेन थांबवून विचारलं की अर्जदार तुमची कोण लागते. मी म्हणालो, तिनं नातं लिवलं न्हाई, तर तुमीबी लिवू नका. त्यांनी ती जागा कोरी सोडली आणि मी खाली सही केली.

जा आता. तिथून आईला पत्र घालत जा. मला घातलंस तर वाचेन, उत्तराची आशा धरू नकोस.

सदर इसम,
जयसिंग