पिवळ्या खुणेचा नट

प्रिय पानेबाई,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त ती स्वतः कुरकुरते. रविवारच्या फोनवर सगळं तीच बोलते आणि मी शेजारून ‘मजेत आहे म्हणावं’ एवढंच पुरवतो. आज मात्र माझं मलाच बोलायचं आहे, आणि ते फोनवर जमणार नाही.

आपल्या दातांच्या डॉक्टरांची ती लाल स्पोर्ट्स कार आठवते ना? मागच्या आठवड्यात ते हातात खोका घेऊन आले. आत डिकीवरच्या आडव्या पंखाच्या, म्हणजे विंगच्या पायांखाली बसवायचे रायझर होते, बाहेरून मागवलेले, काळ्या अॅल्युमिनियमचे. विंग चार बोटं वर उचलली की ती छताच्या आडोशातून बाहेर येते आणि वारा गाडीला नीट दाबून धरतो, हे त्यांनी मला असं समजावलं, जणू मी जन्मभर सायकलींची पंक्चरंच काढत आलोय. मग म्हणाले, हे काम तुमच्या मुलीच्या हातून व्हावं असं मनात होतं. ती आता शोरूममध्ये असते, एवढं सांगून मी खोका ठेवून घेतला.

तू तिथे काउंटरवर बसून लोकांना गाड्यांची माहिती देतेस आणि बॉनेट उघडायची वेळ आली की दुसऱ्याला हाक मारतेस, हे आईकडून कळलं. खोलीतला दिव्याचा होल्डर बदलायलाही म्हणे तू इलेक्ट्रिशियन बोलावलास. सहा वर्षांची असताना उशाशी दहा नंबरचा पाना घेऊन झोपायचीस तू. आता आईने कारण विचारलं तर म्हणालीस, ‘माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही.’ आईने ते मला जेवताना सांगितलं. मी ताटावरून उठलो, तिला वाटलं भाजी बिघडली.

तर रायझर. हे काम एकट्याने होत नाही, तुला ठाऊकच आहे. एकाने बाहेरून विंग धरायची, दुसऱ्याने डिकीत डोकं घालून खालचे नट सोडायचे. तुझ्या जागी कुणाला उभं करावं हे मला दोन दिवस सुचेना. शेवटी तुझी आईच हातमोजे चढवून आली. इतकी वर्षं वर्कशॉपच्या उंबऱ्यावरून चहा आत सरकवणारी बाई, पण तिने विंग अशी धरली की जणू तान्हं मूल आंघोळीला घेतलंय. मी आतलं अस्तर काढलं, ब्रेकच्या दिव्याची वायर सोडली, नट काढले. रबराच्या चकत्या लावून रायझर बसवले, तर म्हणते कशी, हे तिरळे दिसतात. बघतो तर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. पुन्हा सगळं उतरवलं. तू असतीस तर महिनाभर पुरवून पुरवून हसली असतीस.

नंतर टॉर्क पान्याने एकेक नट कसला. पुरेसा जोर लागून पाना टक् वाजल्याशिवाय खूण करायची नाही, आणि ज्याने नट कसला त्यानेच आपल्या रंगाची रेघ नटावरून पत्र्यापर्यंत ओढायची, हा आपला नियम तुझ्या आईलाही पाठ आहे. तुझा रंग पिवळा, माझा पांढरा. मी मान वर केली तेव्हा ती फळीपाशी तुझी पिवळी बाटली घेऊन उभी होती. रंग सुकला होता, त्यात ती थिनर घालून हलवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘इतक्या नेमाने खुणा करणारी पोर. त्याच वेळी कशी विसरली?’

माझ्या हातून ब्रश सुटला.

मला हॉस्पिटलची ती खाट दिसली. सरावाच्या ट्रॅकवर दुसऱ्याच वळणाला तुझ्या गाडीच्या विंगचा उजवा पाय सुटला, गाडी गरकन फिरून भिंतीवर गेली. खांद्याचं हाड मोडून तू पडली होतीस. डाव्या पायाचे नट जागेवर होते, पिवळी रेघही होती. उजवीकडचा पत्रा चुरगळून रंग उडाला होता, म्हणून उजवे कसायचे राहिले असं ट्रॅकवरच्या सगळ्यांनी ठरवून टाकलं. तू मला विचारलंस, ‘बाबा, मी कसले होते ना?’ आणि मी तुझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणालो, ‘घाईत राहिलं असेल गं. होतं असं.’ दोन वर्षं तू त्याच वाक्यावर काढलीस.

रायझर बसवले त्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये खाली स्टुलावर बसून मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि म्हणाली, ‘हे मला सांगून काय उपयोग? तिला लिहा.’ त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. ते बरोबरच आहे.

म्हणून लिहितोय. या पाकिटात चिंधीत बांधलेला एक नट आहे, तो उजेडात धरून बघ. गाडी ओढून आणली तेव्हा तो डिकीतल्या गालिच्याखाली सापडला, दुसरा सापडलाच नाही. त्याच्यावर तुझी पिवळी रेघ आहे. तू आदल्या संध्याकाळी दोन्ही नट नीट कसले होतेस. सकाळी विंगमधला ब्रेकचा दिवा लागत नव्हता, वायर उजव्या पायाखाली चिमटली होती. ती मोकळी करायला दोन्ही नट मी सोडले, बोटांनी परत लावले, टॉर्क पाना घ्यायला वळलो आणि फोन वाजला. वर्कशॉपच्या फाटकातून तू विचारलंस, सगळं बघितलं ना, आणि मी फोन कानाला धरून मान हलवली. विंग सुटली हे ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं. तू रडत होतीस आणि मी माझी लाज वाचवत होतो. तुझा बाप तुझ्या जिवावर उठला होता, हे तुला कळू नये म्हणून मी तुझे हात तुझ्याकडून काढून घेतले. माफ कर असं म्हणायचं तोंड मला नाही. घरी ये असंही म्हणत नाही. फक्त होल्डर बदलायला पुन्हा कुणाला बोलावू नकोस. डॉक्टरांच्या गाडीच्या नटांवर मी पांढरी रेघ ओढली आणि पिवळ्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ती फळीवर ठेवली. खूण तुझी खरी होती, बाळा. नट मी सोडला.

तुझाच, फार उशिरा खरं बोललेला,
बाबा