कोठ्याच्या भिंतीवरचं विमान

६ जाने.

सकाळी भाकरी थापत होते तर ग्रामसेवक दारात. शेख साहेब. माणूस भला, पण नियम म्हटला की अंगात येतं त्यांच्या. मोबाइलात आमच्याच शेळ्यांच्या कोठ्याच्या भिंतीचा फोटो दाखवला. कोणीतरी तक्रार केली म्हणे.

"काकू, काल सरपंचाच्या उमेदवारायले निशाण्या वाटल्या. विलासले विमान भेटलं. आता हे तुमचं विमान म्हणजे त्याचा प्रचार झाला."

म्हटलं, साहेब, हे विमान सव्वीस वर्षांचं आहे. विलास तेव्हा चड्डीत फिरत होता. ज्या उमेदवारासाठी ह्यांनी काढलं तो पडला, पुढं वारलाही. नाव ह्यांनीच तेव्हा पुसलं आणि विमान तेवढं ठेवलं.

"जुनं असो का नवं. आचारसंहितेत दोन्ही सारखंच."

रस्ते दोन. भिंत आमची, तेव्हा मी विलासला संमतीपत्र लिहून द्यायचं, म्हणजे ते कायद्यानं त्याचं होतं. नाहीतर झाकायचं. विचारलं, आमचं आमचंच राहू द्यायची काही सोय? तर म्हणाले, "तसा रकाना फॉर्मात नाही."

ह्यांना सांगितलं नाही. हे समोर निंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, विमानाकडे तोंड करून. रोजच्यासारखे.

७ जाने.

लिहूनच ठेवते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

ह्यांना आता चेहरे दिसत नाहीत. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, नळीतून बघावं तसं दिसत असेल, आणि ती नळीही बारीक होत जाणार. चाळीस वर्षं गावोगाव भिंती रंगवल्या ह्या माणसानं. दुकानांच्या पाट्या, शाळांचे नकाशे, निवडणूक आली की निशाण्या. आता डब्यात कुठला रंग आहे ते ओळखायला डबा डोळ्याला टेकवतात. पण विमान दिसतं. एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं. कधी शेपूट, कधी पंख. दुपारी हाक मारून सांगतात, "आज खिडकी सापडली व."

तिसऱ्या खिडकीत मी आहे. लाल टिकली, दोन डोळे, तोंडच नाही. तेव्हा भांडले होते मी, तोंड का नाही म्हणून. तर म्हणे, "तोंड काढलं असतं तं तू विमान उडू देलं असतं का?"

खऱ्या विमानात कधी बसले नाही. एकेकाळी फार मनात होतं. मग ते काम खिडकीतल्या बाईवर सोपवलं.

८ जाने.

मंगल आली आणि बापाला शेगावला घेऊन गेली. डोळे तपासायचे, चार दिवस लेकीकडे राहायचं. एसटीत चढता चढता हे म्हणाले, "विमानाकडे ध्यान ठेवजो." कुठं जायचं झालं की हेच म्हणतात. ह्या वेळी मला हो म्हणताना खोकला आला.

दुपारी डोळा लागला. कोठा हळूच जमिनीवरून उचलला गेला. शेळ्या खिडक्यांतून बघताहेत, खाली सोनाळ्याचा बाजार, संत्र्याचे बगीचे, पलीकडे सातपुडा निळा निळा. आवाज बिलकूल नाही. ह्यांनी पुढं बसून चष्म्याशिवाय विमान चालवलं. जाग आली तरी बराच वेळ पाय जमिनीला लागेनात.

९ जाने.

विलास संमतीपत्र घेऊन आला. चार ओळी, खाली सहीची जागा. खरं सांगायचं तर पेन हातात घेतला होता मी. विमान राहतंय ना, मग कोणाचं का असेना.

विचारलं, "तसंच राहू देशील?"

"राहू देईनच ना काकू. फक्त पंखावर नाव टाकू. लाल, मोठ्ठं. आन् खिडक्यायच्या पट्ट्यात लिहू, विमानासमोरचं बटन दाबा."

"अरे, खिडकीत मी आहे."

हसला. "मंग तं तुमी आमच्यासंगच बसल्या ना!"

पेन ठेवला. दुसऱ्यांच्या भिंतींवर ह्यांनी सगळ्यांच्या निशाण्या काढल्या, आपल्या भिंतीवर कोणाचं नाव टिकू दिलं नाही. आणि नळीतून एकेक तुकडा शोधायचा, त्यात मधे ती लाल अक्षरं आली की ह्यांना काय सापडणार? म्हटलं, नाही बाबा, नाही जमायचं. रागावला नाही, चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, "मंग झाका काकू. समोरच्या पार्टीचे काही सोडत नाहीत." राग मलाच आला, आणि दिवसभर उतरला नाही.

१० जाने.

ग्रा.पं.मध्ये जाऊन विचारलं. पडदा टाकला तर? चादर? ताडपत्री?

शेख साहेब म्हणाले, वारा आला की उघडं पडते आणि पुन्हा तक्रार येते. उद्या दुपारपर्यंत झाकलं नाही तर निवडणुकीचं पथक येईल. "पथकाजवळ ऑइल पेंट राह्यते काकू. तो मंग निघत नाही. तुमी चुना मारा." निघताना पुन्हा म्हणाले, "चुना." बघत मात्र दुसरीकडेच होते.

मंगलच्या फोनवरून हे बोलले. "विमान कसं आहे?"

म्हटलं, आहे. आणि शेळीनं टोपली पाडली असं सांगून फोन ठेवला. शेळी बिचारी गप बसलेली होती.

११ जाने.

मीच मारला. जन्मभर ह्यांचे डबे धरले, ब्रश धुतले, तेवढं येतं. चुना कालवताना डिंक घातला नाही. बिनडिंकाचा चुना तेलाच्या रंगावर नुसता बसतो, धरत नाही. ओल्या गोणपाटानं पुसला की निघतो. हे ह्यांचंच शिकवणं. आचारसंहिता लागली की ज्या दुकानदाराच्या पाटीवर एखाद्या पुढाऱ्याचं नाव असे, तो ह्यांना बोलावून असाच चुना मारून घ्यायचा, आणि निकाल लागला की दोघं मिळून पाटी धुवायचे.

चुना ओला असतो तोवर आरपार दिसतं. विमान दिसत राहिलं, पाण्याखाली असल्यासारखं. मग ऊन चढलं, भिंत वाळत गेली, आणि आधी शेपूट गेलं, मग पंख. टिकली सगळ्यात शेवटी. मी ब्रश हातात धरून तिथंच रडले. शेख साहेबांनी फोटो काढला आणि गेले.

१२ जाने.

हे आले. मंगलनं मला आत नेऊन सांगितलं, उजव्या डोळ्यात काही उरलं नाही. डाव्यात थोडं आहे. किती, ते ह्यांनाच ठाऊक, कारण डॉक्टरांनी विचारलं तर हे म्हणाले, "कामापुरतं दिसते."

मी सांगणारच होते. खुर्ची निंबाखाली नेली, पाणी दिलं, तोंड उघडलं. तेवढ्यात ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि "हां" म्हणाले. घरी पोचलेला माणूस म्हणतो तसं. मग सांगवेना.

१३ जाने.

दिवसभर बसले. खिडकी, पंख, कशाचीच हाक आली नाही. मी तीनदा चहा नेऊन दिला, तिन्ही वेळा प्यायले.

१५ जाने.

दुपारी हाक आली. पदराला हात पुसत गेले.

"ऐकतं का व. विमान ढगात शिरलं वाटते."

विचारलं, ढग कुठले आता?

"असतेत कधीमधी." आणि हसले.

आता ही चेष्टा समजायची का? भिंत पांढरी दिसतेय म्हणून ढग, की काहीच दिसत नाहीये म्हणून ढग? सरळ बोलणं ह्या माणसाच्या कुंडलीतच नाही. चिडून आत आले, भाजी करपली.

१६ जाने.

मतदान. हात धरून नेलं. केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, ह्यांना दिसत नसेल तर काकू, तुम्ही सोबत जाऊन बटण दाबू शकता, तसा नियम आहे.

हे म्हणाले, "मले दिसते."

एकटेच गेले पडद्याआड. बराच वेळ लागला. मागची रांग कुरकुरू लागली. मग मशीन वाजलं. वाटेत विचारलं कोणाला दिलं. म्हणे, "सांगाचं नसते. नियम हाय."

१८ जाने.

निकाल. विलास निवडून आला. डीजे, नाच, सगळी गल्ली गुलाबी. आमच्या भिंतीवरही कोणीतरी मूठभर गुलाल मारला. हे खुर्चीतून ओरडले, "अबे, भिंतीवर काऊन फेकता?" आवाजावरून कळलं असेल. वासावरूनही कळतं.

संध्याकाळी शेख साहेब सांगून गेले, आचारसंहिता उठली काकू, आता धुऊन टाका.

२१ जाने.

बादली भरून कोठ्याशी ठेवली आहे. गोणपाट भिजत घातलंय. आज तिसरा दिवस.

धुतलं आणि हे ओरडले, "निंघालं व बाहेर!" तर ह्या वयात ह्यांच्याशी पुन्हा लग्न लावीन. पण धुतलं आणि हे तसेच बसून राहिले तर? मग आल्या दिवशीचा तो "हां" भिंत दिसली म्हणून नव्हता, मला बरं वाटावं म्हणून होता, हे कळून चुकेल. आणि एकदा कळलं की ते मला पुसता यायचं नाही. चुना आहे तोवर ठाऊक नाही, आणि ठाऊक नसणंच बरं वाटू लागलंय. लाज वाटते लिहायला.

मघा गेले तर शेळ्यांनी अर्धी बादली पिऊन टाकलेली. मी भिंतीसमोर गोणपाट पिळत उभी राहिले.

हे खुर्चीतून म्हणाले, "काय पाहून राह्यली?"

म्हटलं, काही नाही. बादली पुन्हा भरून ठेवली.